कड्यातल्या पायऱ्या आणि दडवलेले डबे

सिडनी शहराच्या पश्चिमेस, आगगाडीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर, ब्लू माउंटन्स या नावाने प्रसिद्ध असलेला जो वालुकाश्माचा विस्तीर्ण पठारी प्रदेश आहे, त्याच्या कड्यांवरून खाली उतरणाऱ्या पायऱ्यांचा इतिहास हा निष्प्रयोजन वाटांचा इतिहास आहे, असे मी म्हटले तर त्यात निंदेचा अभिप्राय मुळीच नाही. घाट सहसा कोणाच्या तरी निकडीतून जन्मास येतो. आपला नाणेघाट कोकणातील बंदरांचा माल जुन्नरकडे चढविण्यासाठी घडला आणि तेथे जकात घेणारेही बसले. वेंटवर्थ फॉल्स आणि कटूंबा या तेथील गावांजवळच्या पायऱ्यांवरून मात्र कोणाचा माल गेला नाही, फौज गेली नाही, की कोणी जकात मागितली नाही. धबधबा जवळून दिसावा, एवढ्यासाठीच माणसांनी तेथे कडा फोडला. वाट बांधणाऱ्यांनी वाट दिली. तिच्यावरून का चालावे, याचे उत्तर प्रत्येक पिढीला आपल्या आपण शोधावे लागले.

या भूमीचे मूळ रहिवासी गुंडुंगरा आणि दारुग हे लोक होत. वेंटवर्थ फॉल्सनजीक किंग्ज टेबललँडवरील एका शैलाश्रयात मनुष्यवस्तीच्या सुमारे २२,००० वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. तेव्हा १८१३ साली ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ या त्रयीने हे पर्वत ‘ओलांडले’, या शालेय पुस्तकांतील पराक्रमाचे मोल ज्याचे त्याने ठरवावे. त्यानंतर गव्हर्नर मॅक्वारी यांच्या हुकुमावरून विल्यम कॉक्स यांनी कैद्यांच्या हातून अवघ्या सहा महिन्यांत, १८१५ च्या जानेवारीपर्यंत, बाथर्स्टकडे जाणारा १०१ मैलांचा रस्ता काढविला. तो रस्ता पूर्णपणे कामाचा होता, कारण पलीकडच्या कुरणांवर सरकारचा आणि मेंढपाळांचा डोळा होता. मात्र धबधबे त्याच्यापासून बाजूला, झाडीत राहिले.

त्या रस्त्यावरील वेदरबोर्ड नावाच्या खानावळीशी १८३६ च्या जानेवारीत थांबलेला एक तरुण प्रवासी ओढ्याच्या काठाकाठाने दक्षिणेकडे चालत गेला आणि झाडी एकाएकी संपून पायांखाली दरीचे अफाट विवर उघडलेले पाहून थक्क झाला. हा प्रवासी म्हणजे चार्ल्स डार्विन. एवढी रुंद दरी त्या किरकोळ ओढ्यांनी कोरली असेल, हे त्यांना अशक्यप्राय वाटले व तिचे कर्तृत्व त्यांनी समुद्राच्या पदरात टाकले. पुढच्या भूशास्त्रज्ञांनी निकाल ओढ्यांच्या बाजूने दिला. निसर्गातील संथ प्रक्रियांवर ज्याने पुढे सारी आयुष्यभराची भिस्त ठेवली, त्याच माणसाला येथे पाण्याच्या चिकाटीचा भरवसा वाटू नये, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे.

१८६७ साली लोहमार्ग वेदरबोर्डपर्यंत येऊन पोहोचला आणि चित्र पालटले. शहरातील कारकून, दुकानदार, नवविवाहित जोडपी, सकाळच्या गाडीने येऊन हवा आणि दरी या दोन वस्तूंचे सेवन करू लागली. १८७९ मध्ये स्थानकाचे नावच वेंटवर्थ फॉल्स असे बदलण्यात आले. सरकारने कड्यांलगतची जमीन सार्वजनिक उपयोगासाठी राखीव करून तिचा बंदोबस्त स्थानिक विश्वस्तांकडे सोपविला. या विश्वस्तांत पदरमोड करणारे होते, तसेच पाहुण्यांच्या संख्येवर ज्यांचे उत्पन्न अवलंबून होते असेही होते. परंतु कठडे, बाके आणि पायऱ्या यांसाठी सरकारदरबारी अर्ज करून अनुदाने मिळविण्यात सर्वांचे एकमत असे.

त्यांच्या खटपटीचे शिखर म्हणजे नॅशनल पास ही वाट. वेंटवर्थच्या कड्यात कठीण वालुकाश्माच्या थरांमध्ये मऊ चिकणदगडाचा एक पट्टा आहे. तो लवकर झिजतो, आत सरकतो, आणि त्यामुळे कड्याच्या ऐन मध्यावर, वर भिंत आणि खाली भिंत अशा स्थितीत, एक अरुंद नैसर्गिक कंगोरा तयार झाला आहे. या कंगोऱ्यावरून माणसे चालविता येतील, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याच्या छातीची तारीफच केली पाहिजे. पीटर मुलहेरन आणि त्यांच्या हाताखालचे मोजके कामगार यांनी १९०६ पासून पहारी, छिन्न्या आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर हे काम चालविले, आणि १९०८ मध्ये वाट खुली झाली. धबधब्याच्या अंगाने उतरणारा तिचा जिना खडकातच कोरलेला आहे. पायऱ्या उंचीला सारख्या नाहीत, कोठे गुडघ्याची परीक्षा पाहणारी, तर कोठे बालकालाही सहज उतरता येईल अशी. एका बाजूस तुषारांनी सदा ओला राहणारा, नेच्यांनी भरलेला खडक आणि दुसऱ्या बाजूस जेमिसन दरीचे अवकाश. तत्पूर्वी १९०० साली कटूंबा आणि ल्यूरा येथील धबधब्यांच्या पायथ्याची वने जोडणारी फेडरल पास झाली होती. नियोजित ऑस्ट्रेलियन संघराज्याच्या उत्साहाचा तिच्या नावावर ठसा आहे. कटूंबाच्या एको पॉइंटवरून उतरणाऱ्या, ८०० हून अधिक पायऱ्यांच्या जायंट स्टेअरवेचे काम मध्येच थांबले, रखडले, आणि अखेर १९३२ मध्ये तडीस गेले.

तोपर्यंत या पायऱ्यांकडे किंचित तुच्छतेने पाहणारी एक नवी जात सिडनीत निर्माण झाली होती. १९१४ मध्ये माइल्स डन्फी आणि त्यांच्या मित्रांनी माउंटन ट्रेल्स क्लब स्थापिला. १९२७ मध्ये स्त्री-पुरुष दोहोंना प्रवेश देणारी ‘सिडनी बुश वॉकर्स’ ही संस्था निघाली. पाठीवर बोचके टाकून, जेथे वाट नाही तेथून जाण्यात यांना धन्यता वाटे. डन्फी स्वतः उत्तम नकाशे काढीत, आणि काही प्रदेश रस्त्यांपासून व पायऱ्यांपासूनही मुक्त राहिले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. १९३१ च्या ईस्टरला ग्रोस दरीतील ब्लू गम फॉरेस्ट या निलगिरीच्या रानात मुक्कामास गेलेल्या मंडळींना, तेथील पट्टेदार ही झाडे तोडण्याच्या बेतात आहे असे कळताच, त्यांनी वर्गणी जमवून १३० पौंडांना त्याचा हक्क सोडवून घेतला. या लोकांच्या चालण्याला त्या क्षणी असे प्रयोजन लाभले की, त्यातून पुढे राष्ट्रीय उद्यानाची चळवळ उभी राहिली आणि १९५९ मध्ये ब्लू माउंटन्स राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

आणि मग आले डबे. अमेरिकन लष्कराच्या उपग्रहांवरून पृथ्वीवरील आपले स्थान कळते, परंतु सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या संकेतात हेतुपुरस्सर घोळ मिसळलेला असल्याने शंभर मीटरपर्यंतची चूक संभवत असे. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी हा घोळ काढून टाकण्यात आला. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकनजीक एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली, तीत वही-पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू घातल्या, आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करून टाकले: शोधा, एक वस्तू घ्या, एक ठेवा, वहीत नोंद करा. खेळ जिओकॅशिंग या नावाने जगभर पसरला. तो सर्वस्वी नवा होता असे मात्र नव्हे. इंग्लंडच्या डार्टमूरमधील क्रॅनमीअर पूल या दुर्गम ठिकाणी जेम्स पेरट नामक वाटाड्याने १८५४ मध्ये, पोहोचलेल्यांनी आपली कार्डे टाकावीत म्हणून, एक बाटली ठेवली होती. येथवर येऊन गेलो याची साक्ष कोठेतरी ठेवावी, ही माणसाची हौस उपग्रहांहून जुनी आहे.

कड्यांच्या या मुलखात त्या खेळाला जी रंगत येते ती सपाटीवर येणे नाही. यंत्र केवळ आडवे अंतर सांगते. पडद्यावर वीस मीटर दिसत असतात आणि डबा मात्र शंभर मीटर खाली, पुढच्या वळणाच्या जिन्यापाशी असतो. शिवाय अरुंद दरीत उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून परावर्तित होत असल्याने बाणाचे टोक मद्यप्याच्या पावलांसारखे भरकटते. तेव्हा अनुभवी शोधक यंत्र खिशात टाकतो आणि डोळे उघडतो: हा एकच दगड कोरडा का, ही साल कोणी मुद्दाम टेकवून ठेवली आहे काय? सापडते ते बहुधा घट्ट झाकणाचे एखादे प्लॅस्टिकचे डबडे किंवा फिल्मची रिकामी डबी, आत गुंडाळलेली कागदाची पट्टी, तारखा आणि टोपणनावे. ओल्या हवेत शाई फुटते, म्हणून जाणते लोक पेन्सिल वापरतात. आसपास या खेळाचा गंध नसलेले, शोधकांच्या बोलीत ‘मगल’, प्रवासी असतील तर बुटाची नाडी बांधण्याचे सोंग करून थांबावे लागते.

राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांना हा खेळ प्रारंभी पसंत नव्हता, आणि ते अकारण होते असे मला वाटत नाही. शोधणाऱ्यांची पावले वाट सोडून नेचे आणि शेवाळ तुडवितात. एखाद्याला सोयीची वाटलेली कपार मूळ रहिवाशांचे पवित्र स्थानही असू शकते. न्यू साउथ वेल्सच्या उद्यानांत डबा ठेवावयाचा तर आज रीतसर परवानगी घ्यावी लागते. या पेचातून सुचलेली मला सर्वांत मार्मिक वाटलेली तोड याच राज्यातली: २००४ च्या जानेवारीत किनाऱ्यालगतच्या मुरामारंग उद्यानात वास्प हेड येथे पहिली ‘अर्थकॅश’ नोंदली गेली, आणि तीत डबा नव्हताच. शोधकाने ठरलेल्या जागी जावे, खडक निरखावा आणि प्रश्नांची उत्तरे द्यावीत, एवढाच सौदा. जेथे डार्विन यांनी हात टेकले तेथे हा सौदा किती शोभून दिसतो, हे सांगावयास नको.

या कड्यांना खेळाची पर्वा नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये वेंटवर्थ पास या वाटेवर दरड कोसळून दोन जीव गेले, आणि तेथील वाटा दीर्घकाळ बंद राहिल्या. अशा वेळी त्या वाटेवरील डब्याच्या मालकाने तो तात्पुरता बंद असल्याची नोंद करावी, अशी रीत आहे. अडसर हटेपर्यंत आपला डबा शाबूत आहे की वाहून गेला, हे पाहण्यास जाण्याची मुभा त्यालाही नसते.