जपान आणि व्हिएतनाम : वाचनाला बसण्यापूर्वी

जपान मराठी वाचकाला नवा नाही. पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' आणि शिरीष पै यांचे हायकू अनेक घरांत आहेत. व्हिएतनामची ओळख मात्र बहुधा अमेरिकेशी झालेल्या युद्धापुरतीच राहिली. या सूचीत दोन्ही देश मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. वाचकाला आग्रहाची विनंती एवढीच, की राजे आणि लढाया नंतर. आधी कारागिरीची आणि स्वयंपाकाची पुस्तके उघडा.

रोगणकामाचेच घ्या. सावंतवाडीच्या परंपरेतली लाख किड्यांपासून मिळते. जपानचे उरुशी म्हणजे झाडाचा चीक. साल चिरून तो थेंबाथेंबाने गोळा करतात. दहा-पंधरा वर्षे वाढवलेले झाड एका हंगामात जेमतेम २०० मिलिलिटर चीक देते आणि मग तोडले जाते. कच्चा चीक अंगाला लागला तर पुरळ उठते. लेप दिलेली वाटी उन्हात ठेवून भागत नाही. दमट, उबदार कपाटात ठेवली तरच लेप नीट कडक होतो. हे कळल्यावर जुनइचिरो तानिझाकी यांचा सावल्यांच्या सौंदर्यावरचा १९३३ सालचा निबंध वाचावा. असल्या वाटीतले सार मंद उजेडातच का खुलते, ते तिथे नेमके उमगते.

व्हिएतनाममध्ये फू थो भागात त्याच कुळातल्या झाडाचा चीक निघतो. फ्रेंचांनी १९२५ मध्ये हनोईत ललितकला विद्यालय काढले. तिथल्या तरुण चित्रकारांनी देवळांतल्या लाकूडकामावरचे हे रोगण चित्रफलकावर आणले. अंड्याच्या टरफलाचे तुकडे आणि चांदीचा वर्ख बसवायचा, त्यावर थरांमागून थर द्यायचे आणि मग पाणी लावून घासत जायचे. खाली दडलेला रंग हळूहळू वर येतो. याच सुमारास जपानमध्ये सोएत्सु यानागी निनावी कारागिराच्या रोजवापरातल्या भांड्यांची थोरवी सांगत होते. १९३६ मध्ये त्यांनी तोक्योत लोककलेचे संग्रहालय उभे केले. हनोईचे चित्रकार मात्र कारागिरांच्या माध्यमातल्या कामावर स्वतःची सही करत होते. ही दोन टोके एकत्र वाचली, की कारागीर कोण आणि कलावंत कोण हा प्रश्न आशियात किती निकराने विचारला जात होता ते दिसते. माझ्या मते या सूचीतला सर्वांत कसदार विषय हाच.

स्वयंपाकासाठी शिझुओ त्सुजी यांचा १९८० चा ग्रंथ घ्यावा. समुद्रशेवाळ आणि वाळवलेला बोनिटो मासा यांच्या साराला त्यांनी जी जागा दिली आहे, ती पाहूनच जपानी चवीचा पाया कळतो. व्हिएतनामी चवीचा पाया म्हणजे मीठ घालून महिनोन्‌महिने मुरवलेल्या माशांचा रस. शाकाहारी वाचकांनी बौद्ध मठांच्या पाककृतींपासून सुरुवात करावी. दोन्ही देशांत ती परंपरा समृद्ध आहे. शिवाय थाक लाम यांचे हनोईच्या छत्तीस रस्त्यांवरचे १९४३ चे छोटे पुस्तक चुकवू नये. फेरीवाल्यांच्या टोपल्यांतून त्यांनी अख्खे शहर उभे केले आहे.

यानंतर इतिहास हाती घेतला, की तो परका वाटत नाही. भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन केले. त्याच्याबरोबर जपानला पोहोचलेला एक भिक्षू चंपाचा, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनामचा, होता. सतराव्या शतकात होई आन बंदरात जपानी व्यापाऱ्यांची वस्ती होती. व्हिएतनामी वाडगे जपानी चहासमारंभात मानाने वापरले जात.

पुढचे वाचन जड आहे. १९०५ नंतर फान बोई चाऊ यांनी फ्रेंच सत्तेविरुद्ध बळ मिळवण्यासाठी व्हिएतनामी तरुणांना जपानला शिकायला नेले. १९४० मध्ये त्याच जपानचे सैन्य व्हिएतनाममध्ये उतरले, आणि १९४४-४५ च्या दुष्काळात उत्तर भागात लाखो माणसे भुकेने मेली. सक्तीने गोळा केलेला भात हे त्याचे एक मोठे कारण. ख्रिस्तोफर गोशा यांचा व्हिएतनामचा इतिहास हे सारे सलग सांगतो. तो सूचीत शेवटी आहे, पण कृपया तिथवर जरूर पोहोचा.