जमिनीवरची रात्रपाळी

सोव्हिएत हवाई दलाच्या ५८८व्या रात्र-बॉम्बफेकी रेजिमेंटबद्दल लिहिताना एक दृश्य हमखास रंगवले जाते. इंजिन बंद केलेले लाकडी विमान अंधारातून घसरत येते, जर्मन खंदकांना फक्त वाऱ्याची सळसळ ऐकू येते आणि पाठोपाठ बॉम्ब पडतात. जर्मनांनी या वैमानिक मुलींना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हटले आणि ते नाव चिकटले. दृश्य खोटे नाही, पण ही युक्ती तेच पो-२ विमान उडवणाऱ्या पुरुषांच्या तुकड्याही वापरत. या रेजिमेंटचे वेगळेपण शोधायचे तर नजर आकाशातून खाली, धावपट्टीवर आणावी लागते.

ऑक्टोबर १९४१मध्ये प्रसिद्ध सोव्हिएत नेव्हिगेटर मरीना रास्कोवा यांच्या पुढाकाराने महिलांच्या तीन हवाई रेजिमेंट उभारण्याचे ठरले. व्होल्गाकाठच्या एंगेल्स येथे प्रशिक्षण झाले आणि १९४२च्या उन्हाळ्यात येवदोकिया बेर्शान्स्काया यांच्या नेतृत्वाखाली त्यांपैकी ५८८वी आघाडीवर पोचली. तिच्या वाट्याला आलेले पो-२ हे प्लायवूड-कापडाचे, उघड्या बैठकीचे विमान मुळात शिकाऊ वैमानिकांसाठी आणि शेतावर औषध फवारण्यासाठी. युद्ध संपेपर्यंत रेजिमेंटने सुमारे २४,००० फेऱ्या केल्या आणि सुमारे ३,००० टन बॉम्ब टाकले, म्हणजे फेरीमागे सरासरी अवघे सव्वाशे किलो. एवढ्या हलक्या भाराच्या विमानाची मारकता एकाच गोष्टीवर ठरते: एका रात्रीत ते किती वेळा परत उडते. आणि ते परत कधी उडणार, हे वैमानिकापेक्षा जमिनीवरच्या मुलींच्या हातात होते.

बेर्शान्स्काया आणि त्यांच्या स्टाफप्रमुख इरिना राकोबोल्स्काया यांनी इथे नियमच मोडला. नियमानुसार प्रत्येक विमानाला ठरलेले मेकॅनिक आणि ठरलेल्या शस्त्रसज्जक मुली असत. आपले विमान येईपर्यंत त्या रिकाम्या, आणि दोन विमाने एकदम उतरली की शेजारच्या विमानाला हात लावायचा नाही. या रेजिमेंटने कामाप्रमाणे टोळ्या पाडल्या. एकीने विमान उतरवून घ्यायचे, दुसरीने इंधन भरायचे, तिसरीने बॉम्ब अडकवायचे, मग विमान कोणाचेही असो. अवघ्या काही मिनिटांत ते पुन्हा उड्डाणाला तयार होई. बॉम्ब हातांनीच उचलायचे, फ्यूज अंधारात चाचपत बसवायचे, तेही हिवाळ्यात बहुधा उघड्या बोटांनी, कारण हातमोजे घालून ते नाजूक काम होत नसे. लांब रात्रींत रेजिमेंटच्या फेऱ्या तीनशेच्या वर गेल्या त्या या व्यवस्थेमुळे.

यावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा, की सव्वाशे किलोंच्या टोचण्यांनी युद्धाचा निकाल बदलत नाही. हा सगळा त्रास देण्याचा प्रकार होता. होय, तोच उद्देश होता, पण त्याची किंमत प्रतिपक्षाने स्वतःच ठरवली. १९४२च्या अखेरीपासून जर्मनांनीही जुनी, संथ विमाने गोळा करून अशाच रात्रतुकड्या उभ्या केल्या. निरुपयोगी तंत्राची नक्कल शत्रू कशाला करील? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मरण तर वर होते. १९४३च्या ३१ जुलैच्या रात्री दक्षिण रशियातल्या कुबानमध्ये जर्मन रात्र-लढाऊ विमानाने सर्चलाइटच्या झोतात सापडलेली चार विमाने पाडली आणि आठ जणी गेल्या. वरच्या धैर्याला त्या रात्री खालची कोणतीही व्यवस्था वाचवू शकली नाही, हे मान्य करावेच लागते. पण जमिनीवरची व्यवस्था धैर्याच्या जागी उभी नव्हती. तिने ते धैर्य एका रात्रीत आठ-दहा वेळा कामी आणले.

आणखी एक पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. तीन रेजिमेंटपैकी शेवटपर्यंत संपूर्ण महिलांची राहिली ती हीच. बाहेरून पुरुष न घेता तिने स्वतःच्याच माणसांना वर चढवले: मेकॅनिक आणि शस्त्रसज्जक मुली नेव्हिगेटर झाल्या, नेव्हिगेटर वैमानिक झाल्या. फेब्रुवारी १९४३मध्ये तिला ४६वी गार्ड्स हा सन्मान मिळाला, तो याच रचनेच्या बळावर टिकला. सन्मानाचे गणित मात्र वेगळे चालले. सोव्हिएत संघाच्या वीर या किताबाने या रेजिमेंटच्या २३ जणी गौरवल्या गेल्या, आणि त्या सगळ्या वैमानिक किंवा नेव्हिगेटर. रात्रभर बॉम्ब वाहणाऱ्यांपैकी त्या यादीत एकही नाही.