टेक्सास : स्वातंत्र्य मिळालं, पण सगळ्यांना नाही

अलास्कानंतर अमेरिकेतलं सर्वात मोठं राज्य म्हणजे टेक्सास. क्षेत्रफळ सुमारे ६ लाख ९५ हजार चौरस किलोमीटर. रिओ ग्रांदे नदी ओलांडली की मेक्सिको.

हा भाग आधी मेक्सिकोचाच होता. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली, पण अमेरिकेतून आलेल्या कापूस मळेवाल्यांना गुलाम हवे होते. वादाचं हे एक मोठं कारण ठरलं. १८३६ मध्ये टेक्सास स्वतंत्र देश झाला. त्याच्या राज्यघटनेने गुलामगिरीला संरक्षणच दिलं. १८४५ मध्ये तो अमेरिकेत सामील झाला.

अब्राहम लिंकन यांची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ ची. गॅल्व्हेस्टनमध्ये मात्र लष्कराने ती लागू केली १९ जून १८६५ ला, म्हणजे अडीच वर्षांनी. हाच दिवस ‘जूनटीन्थ’. २०२१ पासून या दिवशी अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टी असते.