तळघरातून ऑशकॉशपर्यंत

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीजवळच्या हेल्स कॉर्नर्स गावात संस्थापक पॉल पोबेरेझ्नी यांच्या घराचं तळघर हेच हौशी विमानबांधणाऱ्यांच्या एका संस्थेचं पहिलं कार्यालय. ही एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, थोडक्यात ईएए, २६ जानेवारी १९५३ रोजी सुरू झाली.

अशा हौशी मंडळींचं मोटारीचं इंजिन विमानाला जोडायचं वेड मात्र संस्थेहून जुनं. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्हच्या बर्नार्ड पीटेनपोलने १९२९च्या सुमारास फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन घरी बांधलेल्या लाकडी विमानावर बसवून उडवलं. अश्वशक्ती जेमतेम ४०, माणसं दोन, आणि रेडिएटर वैमानिकाच्या अगदी नाकासमोर! एका मासिकाचा संपादक म्हणाला, हे शक्य नाही. पीटेनपोल वाद घालत बसला नाही. १९३० साली अशी दोन विमानं मिनियापोलिसला उडवत नेऊन त्याने ती दाखवली. पुढे त्याच प्रकाशनाने त्याचे आराखडे छापले.

फोर्डचं इंजिन सावकाश फिरणारं, म्हणून पंखा थेट जोडता आला. नंतरच्या इंजिनांची खरी ताकद मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांवर. तेवढ्या वेगाने मोठा पंखा फिरवला तर पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाला भिडतात. मध्ये गिअर किंवा पट्टा घालावा, तर पिळाच्या कंपनांचं दुखणं मागे लागतं. भंगारातून स्वस्तात आणलेलं इंजिन स्वस्त राहत नाही ते इथे. त्यामुळे हौशी मंडळींचा ओढा पंखा थेट जोडता येईल अशा, हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगन आणि शेवरले कॉर्व्हेअर गाड्यांच्या इंजिनांकडे. कॉर्व्हेअर खुद्द पीटेनपोलनेही वापरलं. पुढे उडत्या कॉर्व्हेअर इंजिनांचे क्रँकशाफ्ट तुटू लागले. पंख्याचा वाकवणारा भार गाडीत कधी नव्हताच. मग शाफ्टचं पोलाद कठीण करणं, पुढे जादा बेअरिंग बसवणं असे उपाय निघाले.

असलं शहाणपण हातोहात पोचवण्यात संस्थेचं मासिक आणि वार्षिक मेळावा यांचा वाटा मोठा. माझ्या मते खरी कमाई तीच. मेळावा मिलवॉकीहून रॉकफर्डला गेला आणि १९७०पासून ऑशकॉशला स्थिरावला. तिथला विमानतळ ज्यांच्या नावाचा, त्या स्टीव्ह विटमन यांनीही आपल्या टेलविंड विमानात ओल्ड्समोबिलचं व्ही-८ इंजिन बसवलं होतं.

पीटेनपोल १९८४ साली गेला. त्याचा जुना हँगर आज ऑशकॉशला, ईएएच्या संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.