धुळे, जळगाव आणि बाहेरची माणसे

भगिनींनो, माझे माहेर धुळ्याचे आणि सासर जळगावचे. शिक्षण सातवीपर्यंतच झालेले, पण या दोन गावांविषयी जे वाचले, ऐकले आणि पाहिले ते लिहावेसे वाटले. कारण निवडणुका आल्या की "बाहेरचे येऊन आपला धंदा खातात" हे वाक्य हल्ली फार कानी येते. तेव्हा येथे मूळचे कोण, हे पाहू या.

1819 साली धुळ्यात अवघी 401 घरे व 2,509 माणसे होती. इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने पुण्याहून हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे ठिकाण जिल्ह्याचे ठाणे केले. पण नुसत्या कचेऱ्या बांधून गाव होत नाही. त्याने लांबलांबचे कारागीर आणले, व्यापाऱ्यांना बोलावले. घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली आणि बांधकामाला आगाऊ रक्कमही दिली. ही सवलत जुन्या रहिवाशांना होती तशीच परक्यांनाही. धुळ्याच्या ज्या सरळ गल्ल्यांचे पत्ते आपण नंबरांनी सांगतो, त्यांचे मूळ या नव्या वस्तीत आहे.

जळगाव वाढले ते आगगाडीने आणि कापसाने. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी चालली. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मारवाडी, गुजराती व्यापारी येथे पेढ्या घालून बसले. लढाई संपताच भाव कोसळले व जळगावच्या बाजाराला जबर फटका बसला. तरी गाव मोडले नाही. 1906 साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावला आले. 1947 नंतर सिंधी कुटुंबे आली. सासूबाई सांगत, की त्यांतल्या बायका घरी पापड लाटत आणि पुरुष ते दारोदार विकत. पुढे त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी कापडाची दुकाने घातली.

आता राजकारणाविषयी. धुळ्याची नगरपालिका 1862 ची, जळगावची 1864 ची. आरंभी सभासद सरकारच नेमी. पुढे मताचा हक्क आला तो ठरावीक कर भरणाऱ्यांपुरता. म्हणजे पेढीवाल्याला मत, पण भाड्याच्या ओट्यावर बसणाऱ्याला नाही. आपण बायका तर तेथे बाहेरच्याच! जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील 1962 साली, वयाच्या 27 व्या वर्षी, जळगावातून विधानसभेवर गेल्या. पुढे 2007 मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या. 2011 पासून आपल्या राज्यातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. नगरसेविकेच्या खुर्चीमागून यजमानच बोलतात, असेही कोठे कोठे दिसते. पण तो निराळा विषय आहे.

हे महाविद्यालय 1945 चे आणि विद्यापीठ 1990 चे. सातपुड्याकडची, नंदुरबारकडची मुले येथे शिकायला येऊ लागली आणि आमच्यासारख्यांच्या चुली धंद्याच्या झाल्या. मी अकरा मुलांचे डबे करते. त्यांत जळगावचा एकही नाही. वरणबट्टी आणि भरीत असले, की नंदुरबारचा एक मुलगा डबा परत करताना आत चिठ्ठी टाकतो. 2020 च्या टाळेबंदीत मुले गावी गेली, डबे बंद पडले. तेव्हा पाच महिने पीठ, डाळ, तेल उधार देणारा दुकानदार राजस्थानातून आलेला होता. त्याने एकदाही वही पुढे केली नाही. आपल्याच गल्लीतल्या एका जुन्या दुकानाने मात्र दुसऱ्या महिन्यात हात आखडला.

आपल्या दिवाळी प्रदर्शनात परगावाहून आलेल्या भगिनींना मेज द्यावे की नाही, हा प्रश्न पुढच्या सभेत यायचा आहे. माझे मत द्यावे असे आहे, आणि भाडेही आपल्याइतकेच घ्यावे. पापडाच्या मेजांची संख्या ठरवून घ्यावी, म्हणजे कुणाचाच माल पडून राहणार नाही.