हर्सूलचें पाणी आणि वैशाखाचें ऊन

वैशाखांत छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिसाच्या वर जातो, यांत नवल कांहीं नाहीं. नवल वाटतें तें हें, कीं ज्या पठारावर खाम नदीसारखा क्षीण प्रवाह तेवढा आहे, तेथें राजधानी वसवावी असें कोणाच्या मनांत यावें! हबसाणांतून गुलाम म्हणून विकला गेलेल्या मलिक अंबरानें १६१० सालीं खडकीस शहर वसविलें, आणि थोड्याच वर्षांत उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूचें पाणी जमिनीखालून शहरांत आणिलें. हीच नहर-ए-अंबरी.

डोंगराच्या पायथ्याशीं व नदीपात्राखालीं मुरलेलें पाणी चुनेगच्ची बोगद्यांत झिरपूं द्यावयाचें, बेताचा उतार देऊन तें पुढें न्यावयाचें, मग खापरी नळांनीं मोहल्ल्यांतील हौदांपर्यंत पोंचवावयाचें, एवढीच यांतील युक्ति. वाटेंत हवेसाठीं व गाळ काढण्यासाठीं भोंके ठेविलेलीं असत. मोट नाहीं, बैल नाहीं. सारें काम उताराचें. उघड्या तलावांतून उन्हाळ्यांत किती पाणी वाफ होऊन जातें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको; जमिनीखालच्या पाण्यास सूर्य दिसतच नाहीं, म्हणून तें उडत नाहीं आणि तापतहि नाहीं. ही विद्या इराणाकडील. गंमत अशी, कीं ज्याच्याशीं अंबर झुंजला त्या खानखानाच्या बऱ्हाणपुरांतहि १६१५ च्या सुमारास अशींच भुयारी पाण्याचीं कामें झालीं. रणांत वैर, पण तहान दोघांच्या रयतेची एकच!

पुढें इतर नहरीहि झाल्या. पाणचक्कीचें काम १७४४ चें. तेथें बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं नहरीच्या पाण्यावर जातें फिरे व फकीर-प्रवाशांचें पीठ दळलें जाई. आम्हांस मात्र जात्याहून तेथील हौद अधिक मोलाचा वाटतो. हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छत असल्यामुळें भर दुपारींहि तें दालन थंड राहतें. वाटसरूस नुसतें पाणी पाजून भागत नाहीं, त्यास सावलींत बसविलेंहि पाहिजे, हें बांधणाऱ्यास ठाऊक होतें.

आजचें वैद्यकहि निराळें सांगत नाहीं. घाम उडतो म्हणून शरीर निवतें. घामाबरोबर मीठहि जातें. तेव्हां मीठ घातलेलें ताक किंवा पन्हें हा आजीचा उपाय खरा. खिशांतला कांदा मात्र निव्वळ समजूत. ऊन लागून माणूस बरळूं लागला, तर त्यास सावलींत न्यावें, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालय गांठावें. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत पाणी ओतूं नये.

परंतु हे उपाय पाणी असेल त्याचे. शहर वाढलें, नव्या इमारतींच्या पायांखालीं खापरी नळ फुटले, नहरींची निगा सुटली. १९७६ सालीं पैठणचें जायकवाडी धरण पुरें झालें. शहराची मुख्य भिस्त आतां त्या पाण्यावर आहे, आणि तें पंपांनीं वर चढवावें लागतें. वीज गेली कीं तें थांबतें. ज्या घरांत टांकी आहे तेथें हें कळतहि नाहीं. जेथें नाहीं, तेथील बाई टँकरची वाट पाहत हंडा घेऊन उन्हांत उभी राहते. अंबराच्या शहरांत तरी तिला ही पाळी यावयास नको होती.