बहुपुटी मूत्रपिंडविकार आणि हृदय : एका वैद्यकीय प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा आणि शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट दीर्घकाळ का दिसली नाही, याकडे इतिहासकारांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. बहुपुटी मूत्रपिंडविकारात होणारी हृदयाची हानी हे याचे बोलके उदाहरण होय. या आनुवंशिक विकारात दोन्ही मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या असंख्य पुटी, म्हणजे लहान पिशव्या, निर्माण होतात व वर्षानुवर्षे वाढत राहतात. आई किंवा वडील यांपैकी एकास विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा रुग्णाचे हृदय बिघडते ते मूत्रपिंड बिघडल्यामुळे, की त्याच जनुकीय दोषाचा हृदयावरही स्वतंत्र परिणाम होतो, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शवविच्छेदनातील मूत्रपिंडे

पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी १२ डिसेंबर १५८६ रोजी ग्रोडनो येथे मरण पावला. अखेरच्या दिवसांत त्याला छातीचा त्रास व मूर्च्छा यांनी ग्रासले होते. बुचेल्ला आणि सिमोनी या त्याच्या दोन इटालियन वैद्यांत उपचारांवरून तीव्र मतभेद होते व राजाच्या मृत्यूनंतर त्यांनी परस्परांविरुद्ध लेखनही केले. शवविच्छेदनात मूत्रपिंडे बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी आणि पृष्ठभागी उंचसखल आढळली. या वर्णनावरून आधुनिक अभ्यासक बाथोरीस बहुपुटी मूत्रपिंडविकार असावा असे मानतात. चारशे वर्षांपूर्वीच्या नोंदीवरून केलेले निदान अनुमानच राहणार हे खरे. तथापि मूत्रपिंडांची नोंद आणि छातीच्या त्रासाची नोंद एकाच मृत्यूच्या वृत्तान्तात असूनही त्यांचा परस्परसंबंध कोणी जोडला नाही, ही बाब लक्षणीय आहे.

तसा संबंध प्रथम स्पष्टपणे मांडला तो लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी. मूत्रातून प्रथिन जाणाऱ्या रुग्णांच्या शवविच्छेदनात अनेकांचे हृदय वाढलेले व त्याची भिंत जाड झालेली असल्याचे त्यांनी १८३६ मध्ये नोंदविले. रक्ताच्या बदललेल्या गुणधर्मामुळे हृदयास चेतना मिळत असावी, किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यास हृदयाला अधिक श्रम पडत असावेत, असे दोन तर्क त्यांनी केले. दोहोंतही मूत्रपिंड हे कारण आणि हृदय हा परिणाम, हा क्रम गृहीत होता.

त्या क्रमाविषयी पहिली मोठी शंका त्याच रुग्णालयात उपस्थित झाली. फ्रेडरिक अकबर महोमेद (१८४९–१८८४) हे पाटण्याहून इंग्लंडला जाऊन स्थायिक झालेल्या शेख दीन महोमेद यांचे नातू. नाडीचा आलेख काढणाऱ्या स्फिग्मोग्राफ या यंत्रात सुधारणा करून, मूत्रात प्रथिन नसतानाही रक्तवाहिन्यांतील ताण वाढलेला असू शकतो, हे त्यांनी १८७० च्या दशकात दाखवून दिले. म्हणजे रक्तदाब आधी आणि मूत्रपिंडाची हानी नंतर, असाही क्रम संभवत होता. पस्तिशीतच विषमज्वराने त्यांचे निधन झाले. भारतीय वंशाच्या या संशोधकाची आपल्याकडील वैद्यकीय इतिहासलेखनात व्हावी तेवढी दखल घेतली गेलेली नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

कुटुंबे आणि जनुके

‘बहुपुटी मूत्रपिंड’ ही संज्ञा फ्रान्समधील फेलिक्स लेजार्स यांनी १८८८ मध्ये रूढ केली. विकाराच्या आनुवंशिकतेचा भक्कम पुरावा मात्र १९५७ मध्ये मिळाला. डेन्मार्कच्या ओव्हे डालगार्ड यांनी २८४ रुग्ण व त्यांची कुटुंबे यांचा पाठपुरावा करून हा विकार प्रभावी पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होतो, हे सिद्ध केले.

तोवर मूत्रपिंड निकामी होणे म्हणजे मृत्यूच होता. सिएटल येथे १९६० मध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दीर्घकालीन डायलिसिस शक्य केले. बोस्टन येथे १९५४ मध्ये झालेल्या यशस्वी प्रत्यारोपणानंतर तोही मार्ग क्रमाने खुला होत गेला. रुग्ण जगू लागले आणि आतापर्यंत झाकलेली गोष्ट उघडी पडली. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील १९९५ च्या अभ्यासात या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वाधिक आढळलेले कारण हृदयविकार हे होते. पूर्वीचे रुग्ण मूत्रपिंडाने मरत, म्हणून त्यांचे हृदय कोणी फारसे पाहिले नव्हते, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

दरम्यान १९८८ मध्ये प्रतिध्वनी-चित्रणाने केलेल्या तपासणीत २६ टक्के रुग्णांमध्ये हृदयाची मायट्रल झडप मागे सरकत असल्याचे दिसले. तुलनेसाठी घेतलेल्या व्यक्तींत हे प्रमाण केवळ २ टक्के होते. अशा सरकण्याची व्याख्या पुढे अधिक काटेकोर झाल्याने हे आकडे जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. परंतु झडपेचा दोष केवळ रक्तदाबाच्या माथी मारणे कठीण होते.

जनुकाचा शोध १९८५ मध्ये सोळाव्या गुणसूत्रापर्यंत पोहोचला होता. १९९४ मध्ये एका पोर्तुगीज कुटुंबातील गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे पीकेडी-१ हे जनुक नेमके सापडले. १९९६ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरील पीकेडी-२ ओळखले गेले. या दुसऱ्या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीतील कॅल्शियमच्या ये-जा करण्याशी निगडित आहे, आणि हृदयस्नायूचे प्रत्येक आकुंचन कॅल्शियमवरच अवलंबून असते. हे जनुक नसलेल्या उंदरांच्या भ्रूणांत हृदयाच्या पडद्याची रचना सदोष होते, असे २००० मध्ये दिसले. झेब्राफिश माशांत हेच जनुक नसल्यास हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता घटते, हे २०१३ च्या संशोधनातून पुढे आले. हृदयावरील स्वतंत्र परिणामाच्या कल्पनेस यामुळे निश्चित बळ मिळाले.

रक्तदाबाचे स्थान

तथापि सारे खापर जनुकावर फोडण्याची घाईही इतिहासास मान्य होत नाही. १९९७ च्या एका अभ्यासात ४१ टक्के प्रौढ रुग्णांच्या हृदयाचा डावा खालचा कप्पा जाड झालेला होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत, मूत्रपिंडाचे कार्य अद्याप चांगले असलेल्या ५४३ रुग्णांत, हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास आढळले. मापनाची पद्धत बदलली होती आणि रुग्णांची निवडही वेगळी होती, हे लक्षात घेतले तरी मधल्या काळात रक्तदाबावरील औषधे लवकर व सर्रास दिली जाऊ लागली, हे कारण दुर्लक्षिता येत नाही. या विकारात रक्तदाब बहुधा तिशीच्या सुमारास, मूत्रपिंडाचे कार्य मंदावण्यापूर्वीच वाढतो. पुटींच्या दाबाने मूत्रपिंडातील रक्तपुरवठा बाधित होऊन रक्तदाब वाढविणारी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात, असे त्याचे प्रमुख स्पष्टीकरण दिले जाते. महोमेद यांनी दाखविलेला उलटा क्रम येथे वेगळ्या रूपात पुन्हा भेटतो.

याच रुग्णगटावर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ ते ४९ वयोगटातील रुग्णांचा रक्तदाब ११०/७५ च्या आत राखला असता, नेहमीचे उद्दिष्ट ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेत मूत्रपिंडांची वाढ मंदावली आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याचे वस्तुमानही अधिक घटले. मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही.